आजीच्या चेहऱ्यावरचा उजेड

लखनौमधल्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहणारी लतिका चित्रकथांच्या पानांना सावल्या घालते. नवरा धनंजय ऑफिसला गेला, की जेवणाच्या टेबलावर तिचा टॅबलेट मांडला जातो. रेघा आणि सपाट रंग पुण्याच्या स्टुडिओतून तयार येतात. त्यांवर सावलीचा वेगळा थर चढवायचा, हे तिचं काम. उजेड कुठून येतो ते ठरल्याशिवाय सावलीला हात लावायचा नाही, हा तिचा शिरस्ता.

परवाच्या पानात सुट्टीला आलेली नात दाराबाहेर उभी होती आणि आजी उंबऱ्यात. लतिकाने उजेड आजीच्या पाठीमागून घेतला. केसांची कड रुपेरी, चेहरा अंधारात. मिरजेला तिची आई अशीच दिसायची. मागचं दार उघडं, परसातलं ऊन पाठीवर. भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आई लेकीला आत घेत नसे. तोवर लतिका बाहेर उभी राहून तो काळासावळा आकार न्याहाळायची. आई गेली तेव्हा लतिका लखनौहून निघाली होती, पण अजून गाडीतच होती.

स्टुडिओतल्या रणजितचा फोन आला. "ताई, आजीचा चेहराच दिसत नाहीये. मुलं हे मोबाइलवर वाचतात. उजेड समोरून घ्या ना."

तिने घेतला. आजी छान, हसरी दिसू लागली. लतिकाची लेक स्नेहा शाळेतून आली, दप्तर टाकता टाकता तिने डोकावून पाहिलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलणं मात्र हिंदीत.

"मम्मा, सुबह तो ये नानी थीं. अब कोई और हैं."

लतिकाने समोरचा उजेड पुसून टाकला. सावली पातळ करून पाहिली, तर चेहऱ्याला राख फासल्यासारखं झालं. मग तिचं लक्ष नातीच्या पिवळ्या फ्रॉककडे गेलं. परसातलं ऊन दारातून त्यावर पडत होतंच. तिथून थोडं परतून आजीपर्यंत पोचणारच की. हनुवटीखाली, गालाच्या खळग्यात, पापण्यांच्या कडेला तिने फिकट पिवळ्या रंगाचा हात फिरवला. अंधारातून चेहरा हळूहळू वर आला.

रणजितने पान लगेच पास केलं. लतिका मात्र स्क्रीनवरच्या त्या मुलीकडेच बघत राहिली. ती वेळेवर पोचली होती.