न पाहिलेल्या पोस्टरचे गुण

परिषदेच्या सकाळी सुनंदाबाई सगळ्यात आधी व्हरांड्यातल्या सगळ्या खुर्च्या उचलून आत कोंडायच्या. तिथे विद्यार्थ्यांच्या संशोधनाची पोस्टरं लागायची. "परीक्षक बसलो की पोरांका आपल्याकडे बोलावता," त्या म्हणायच्या. "तेणी पोरांकडे जावक व्हया." कंबर दुखते म्हणणाऱ्या एका प्राध्यापकांना त्यांनी स्टूल दिलं, पण ते हातात घेऊन पोस्टरोपोस्टरी फिरायचं, या अटीवर.

बाई मत्स्यशास्त्रातल्या डॉक्टर, निवृत्त. कोणी दुखरा गुडघा घेऊन आलं की ओरडायच्या, "मी माशांची डॉक्टर आसंय रे, माणसांची न्हय!" समुद्री जीवांवर संशोधन करणाऱ्यांच्या एका संघटनेची परिषद दरवर्षी तोंडवलीच्या ज्या रिसॉर्टवर भरते, तिथे मी ड्रायव्हर. संघटनेत पगार कोणालाच नाही. परीक्षकांपासून चहा बघणाऱ्यांपर्यंत सगळे स्वयंसेवक. बाई परिषदेच्या समितीवर, पोस्टरांचं काम त्यांच्याकडे. मी जालन्याकडचा, सातवीत शाळा सुटलेला. इथे मला कावीळ झाली तेव्हा बाईंनी आपल्या पडवीत खाट टाकून दिली, पेज पाजली. परमुलखात असं कोण करतं?

त्या वर्षी मी कुडाळ स्टेशनवर एका मुलीला आणायला गेलो. आरोंद्याच्या मासेमाराची लेक, रत्नागिरीला शिकणारी. खाडीतली कालवं का मरतात, यावर तिचं पोस्टर. पहिल्या नंबराला सुट्टीत मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. गाडी भयंकर उशिरा आली. वाटभर ती विचारत होती, "दादा, परीक्षक गेले नसतील ना ओ?"

पोचलो तर गुणांचा कागद भिंतीवर लागलेला. त्यात तिचं नाव, पुढे दहापैकी सहा. आणि पोस्टरची गुंडाळी तिच्या काखेतच!

बाईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा गुंडाळीकडे. मग गुण देणाऱ्या पुण्याच्या सरांना गाठलं. सर हसले. "अहो, तिने आधी पाठवलेला सारांश वाचला होता की. आम्हीसुद्धा वेळात वेळ काढून फुकटच येतो ना."

सभागृहात बाई नेहमी शुद्ध बोलायच्या. त्या दिवशी ते सुटलं. "फुकट केल्लां काम खोटां केलां तर चलतां काय ओ? ह्यां पोरगां ट्रेनीत व्हतां! तुमी पोस्टर खंय बघितल्यात? सपनात?"

संघटनेचे अध्यक्ष धावत आले. "सुनंदाताई, सगळे सेवा म्हणून येतात. असं दुखवू नये कोणाला."

"आणि ह्या पोरांका दुखवलेलां चलतां? सगळी पोस्टरां परत बघा."

कोणी ऐकलं नाही. पाहुणे ताटकळले म्हणून बक्षिसं वाटूनही टाकली. आत टाळ्या वाजत होत्या तेव्हा बाहेर बाईंनी मुलीला पोस्टर लावायला लावलं आणि उभ्याने सगळं ऐकलं. दोन चुकाही दाखवल्या, चांगली खरडपट्टी काढून. मुलगी डोळे पुसत चुका लिहून घेत होती. प्रयोगशाळेतली जागा मात्र दुसऱ्याला गेली ती गेलीच.

पुढच्या वर्षी बाईंचं नाव समितीतून गायब. "वय झालं, आता विश्रांती घ्या," असं कळवलं. इतकी वर्षं राबलेल्या बाईला! त्या सरांना मात्र कोणी विश्रांती दिली नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. संघटनेने पोस्टरांच्या बक्षिसाला त्यांचं नाव दिलं आणि प्रमुख परीक्षक म्हणून त्याच सरांना बोलावलं. आणायला मीच. मागच्या सीटवरून सर कोणाला तरी फोनवर सांगत होते, "बाई जरा तापट होत्या, पण सेवा मोठी."

फोन बंद झाल्यावर मी आरशात बघून म्हणालो, "सर, बाई तापट नव्हत्या. तुम्ही न बघता गुण दिले होते."

रिसॉर्टच्या मालकाला कळलं तर नोकरी जाईल, हे मला ठाऊक होतं. सरांनी फोनवर दुसरा नंबर फिरवला. रिसॉर्ट येईपर्यंत मी माफी मागितली नाही.