ठिगळं लावणाऱ्या मावशी

मालिकेच्या कपडेपटात मावशींचा शब्द चालायचा, पण तो फक्त गरिबांच्या बाबतीत. नवाकोरा फ्रॉक त्यांच्या हाती द्यावा. चहाच्या पाण्यात बुडवून, बाह्यांवर दगड घासून आणि वर एक ठसठशीत ठिगळ लावून त्या तो पार कंगाल करून टाकत. मालिकेतल्या गरीब पोरीला ठिगळ आणि दोन तेलकट वेण्या हव्यातच. बंगल्यातली पोरगी मात्र झोपेतून उठायची तीही इस्त्री न मोडता. मावशी स्वतः दोन खोल्यांत राहायच्या, तरी हे असंच असतं का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. गरीब म्हणजे ट्रंकेतले ते कपडे, आपण नव्हे, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

एकदा वर्गाच्या दृश्यात नायिकेची गरीब मैत्रीण कमी पडली, तेव्हा मावशींनी दहावीतल्या लेकीला बोलावून घेतलं. लेक आली ती निळा ड्रेस घालून. दुसऱ्या दिवशी शाळेचा निरोप समारंभ होता, त्यासाठी आईने रात्री जागून शिवलेला. टीव्हीवर दिसायचं म्हटल्यावर फाटकं घालून कोण येईल?

दिग्दर्शकाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मावशी, हिला जरा गरीब करा."

मावशींनी निमूटपणे ट्रंक उघडली. ठिगळाचा फ्रॉक चढवला, वेण्यांना तेल चोपडलं. लेक आरशात बघत म्हणाली, "आई, आपल्या गल्लीत असं कोण असतं गं?"

मावशींना एकही पोरगी आठवेना. त्या चांगल्याच ओशाळल्या.

तेवढ्यात खुंटीवरचा निळा ड्रेस दिग्दर्शकाच्या नजरेत भरला. "वा! हा बंगल्यातल्या मुलीला द्या."

दिला. लेक मागच्या बाकावर ठिगळ सांभाळत, आपलाच ड्रेस श्रीमंत झालेला बघत बसली. काम आटोपल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "ड्रेस इथेच राहू द्या. उद्या बंगल्यातल्या दृश्यालाही हाच."

लेकीने आईकडे बघितलं. मावशींना राग आला, आणि तो आला याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी ड्रेसची घडी घालून तो लेकीच्या पिशवीत ठेवला.

"हा कपडेपटातला नाही साहेब, घरचा आहे. उद्या हिला लागतो."

"मग ती बंगल्यातली काय घालणार?"

"घालेल कालचाच. श्रीमंतांचेही कपडे कधी धुवायला पडत असतील की."