थोरल्या साडूंचे रविवार

ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात असा एकही मोबाइल नव्हता, ज्याच्या पोटात माझ्या थोरल्या साडूंचा हात गेला नव्हता. बिलावर नाव आमचं असायचं, आत फोटो आमच्या मुलाबाळांचे असायचे. पण फोनवर खरी सत्ता त्यांची. कोणतं ॲप ठेवायचं, कोणतं घालवायचं, अक्षर केवढं मोठं दिसलं पाहिजे, हे सगळं ते ठरवायचे आणि डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटल्यावर दाखवावी तसे आम्ही निमूट फोन काढून त्यांच्यापुढे ठेवायचो. मी तर सगळ्यांत निमूट. यंत्र या जातीशी माझं कधी जमलंच नाही. तीस-बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या. पण घरातले दिवे गेले की शेजाऱ्याकडे आहेत का ते डोकावून बघायचं आणि आपल्याकडे यायची वाट बघत बसायचं, एवढंच माझं विजेचं ज्ञान.

माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे ताई, आणि हे ताईंचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला साडूभाऊ म्हणतात. ते राहतात कोपरला, आम्ही वर्तकनगरात. दादा मोहन्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. रोज सकाळी सगळ्या यंत्रांवरून फेरी मारायची, प्रत्येकाच्या अंगाला हात लावून ताप बघायचा, कान लावून आवाज ऐकायचा आणि वहीत टिपून ठेवायचं, हे त्यांचं काम. "बिघडल्यावर काय, कुणीही दुरुस्त करतो. बिघडायच्या आधी बघायला माणूस लागतो," हे त्यांचं वाक्य मी बारशाला ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि एकदा कुणाच्या तरी दहाव्यालाही ऐकलंय. कारखाना बंद पडला तेव्हा दादा पन्नाशीला आले होते. यंत्रं गेली, पण फेरीची सवय काही जाईना. मग वर्षभर घरातला मिक्सर, पंखे, सोसायटीची पाण्याची मोटार असं जे हाताला लागेल ते तपासत त्यांनी ताईंना जीव नकोसा करून सोडला. पुढे नात्यात एकेक करून अँड्रॉइडचे फोन आले आणि ताईंनी देवापुढे साखर ठेवली.

पहिला आणि तिसरा रविवार आमचा, दुसरा कल्याणला त्यांच्या पुतणीचा, चौथा मोहन्यातल्या एका जुन्या सोबत्याचा. एखाद्या महिन्यात पाचवा रविवार आला की त्यांना दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आमच्याकडे बरोबर साडेनऊला बेल वाजणार. आल्या आल्या ते साबणाने हात धुणार, जेवणाच्या टेबलावर स्वतःचा पंचा अंथरणार, चष्मा पुसणार आणि म्हणणार, "हं, आणा." मग माझा फोन, हिचा फोन, शेजारच्या कुलकर्णीबाईंचा फोन, असे ओळीने पंच्यावर यायचे. प्रत्येकाची पाठ ते आधी गालाला लावायचे. "हा तापलाय. काल काय काय बघत होतात?" मी ओशाळून क्रिकेट म्हणायचो. खिशातून लाल वही निघायची. त्या वहीत आमच्या गोतावळ्यातल्या प्रत्येक फोनला एक पान होतं. माझ्या पानावर 'जागा लवकर भरते, मालक निष्काळजी' असा शेरा मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. सिमचा कप्पा उघडायला फोनबरोबर मिळणारी पिन त्यांना नापसंत. त्यासाठी ते ताईंच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागून आणायचे आणि काम झालं की शर्टाच्या आत टोचून ठेवायचे.

खरा सोहळा असायचा तो साफसफाईचा. फोनमध्ये येऊन पडलेली सुप्रभातची फुलं, देव, वाढदिवसाचे केक, कुणाकुणाची मुलं, हे सगळं एका झटक्यात पुसता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता टाकायची नाही, हा त्यांचा नियम. म्हणून एकेक चित्र ते आमच्यापुढे धरायचे. "हा गुलाब कुणाचा? नाशिकच्या वन्संचा? काय म्हणतात, झालं का डोळ्याचं ऑपरेशन?" की हिने ऑपरेशनची हकिकत सांगायची. "हा केक? अच्छा, म्हणजे त्या दोघा भावांचं बोलणं सुरू झालं तर!" असं करत करत दीडशे चित्रं पुसायला तीन तास लागायचे, मध्ये दोनदा चहा व्हायचा, शेवटी जेवायची वेळ व्हायची आणि वरणभात खाऊनच ते निघायचे. आमच्याकडे कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाचं जुळलं, हे मला त्या गुलाबांमधूनच कळत आलंय. एरवी दोन भिडस्त माणसं समोरासमोर बसून एवढं बोलली नसती.

आयफोनशी मात्र त्यांचं हाडवैर. "ज्याला मागं जायचं बटण नाही, अशा वस्तूवर मी विश्वास ठेवत नाही," असं ते एकदा भर हळदीकुंकवात म्हणाले आणि बायका घाबरून आपापल्या पर्समध्ये बघू लागल्या. अँड्रॉइड म्हणजे त्यांच्या मते आपलं बैठं घर. खिळा मारा, पोटमाळा काढा, कुणी विचारत नाही. आयफोन म्हणजे टॉवरमधला फ्लॅट. दार चकाचक, पण खिळा मारायचा तर सेक्रेटरीला अर्ज करा. गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी कल्याणच्या पुतणीने तोच घेतला. दादा नेहमीसारखे दुसऱ्या रविवारी गेले, हात धुतले, पंचा अंथरला. पोरगी सरळ स्वभावाची. म्हणाली, "काका, याला असलं काही लागत नाही हो. तुम्ही उगाच कशाला दगदग करता?" तिने प्रेमानेच म्हटलं. दादा पंच्याची घडी घालून परत आले आणि त्यांनी वहीतल्या तिच्या पानावर एक तिरपी रेघ मारली. पुढचे किती तरी दुसरे रविवार ते गॅलरीत नुसते बसून असायचे, असं ताई सांगायच्या. पुढे मोहन्याचा सोबती मुलाकडे पुण्याला राहायला गेला आणि चौथा रविवारही रिकामा झाला. उरलो आम्ही.

नेमकी अशा वेळी बंगळूरूच्या आमच्या लेकीला बापाचं प्रेम आठवलं. माझ्या साठीला ती स्वतः येऊन आयफोन देऊन गेली. "बाबा, तुमचा तो डबा आता बस झाला हं. हा किती सोपा आहे बघा," म्हणत तिने तासाभरात जुन्यातलं सगळं नव्यात आणून टाकलं. आणि खरं सांगतो, फोन मला आवडला. दोन दिवस मी मागं जायचं बटण शोधत काचेचा कोपरा घासला, तिसऱ्या दिवशी बोट आपोआप सरकायला लागलं. आठवड्याभरात माझ्यासारखा माणूस कुणाला न विचारता फोन वापरायला लागला. याचा आनंद व्हायला हवा होता. पण शनिवारी संध्याकाळी आम्ही नवराबायको त्या फोनकडे बघत गुन्हेगारासारखे बसलो होतो. उद्या पहिला रविवार होता.

"मी नाही सांगणार," ही म्हणाली. "तुम्ही सांगा. तुमचे साडू."

"तुझे भाऊजी आधी. माझे साडू नंतर."

शेवटी कुणीच सांगायचं नाही असं ठरलं. जुना फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावला. पण लेक जाताना तो पुसून गेली होती, पार रिकामा! रिकाम्या फोनचं दादा करणार काय? मग आम्ही दोघं नेटवरून गुलाब उतरवत बसलो. गुलाब, जास्वंद, उगवता सूर्य, कपभर चहा आणि त्यावर सुविचार. पहिला रविवार निभावला. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, अजून चाळीसएक तरी टाका! मागच्या वेळी त्यांचं सव्वा तासात आटपलं, वरण शिजलं नव्हतं." पुढे पुढे मी त्यात तरबेज झालो. तीच तीन फुलं आलटून पालटून टाकली तर दादांना संशय येईल, म्हणून फुलांच्या जाती बदलू लागलो. कसले कसले खेळ भरून जागा अडवली. सरकारी नोकरीत एवढी मेहनत केली असती तर दोन बढत्या जास्त मिळाल्या असत्या. दादा येत होते, गालाला फोन लावत होते, "हे कमळ कुणाचं?" म्हणून विचारत होते आणि आम्ही धडधडीत नावं ठोकून देत होतो. चार महिने हे चाललं. नवा फोन त्या वेळात स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्यात असायचा.

पाचव्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, अकराच्या सुमारास, तूरडाळ वाजली.

वाजली म्हणजे चांगली खणखणीत वाजली. मी म्हटलं, "कुलकर्ण्यांकडचा असेल." दादांनी मानसुद्धा वर केली नाही. हातातला फोन पंच्यावर ठेवला आणि म्हणाले, "साडूभाऊ, उचला. लेकीचा असेल, बंद होईल."

डाळ झटकत मी फोन उचलून बाहेर आणला. समोर व्हिडिओवर लेक. "बाबा, कुठे होता? आणि स्क्रीनवर काय लागलंय ते? अरे, काका आलेत! काका, बघितलात ना बाबांचा नवीन फोन? भारी आहे की नाही?"

दादा क्षणभरही अडखळले नाहीत. "बघितला गं बाई. झकास आहे. बाबांना शोभतो अगदी."

मग ते पुन्हा पंच्याकडे वळले आणि माझ्या जुन्या फोनमधलं उरलेलं एकेक फूल, मला विचारून, पुसत राहिले. जेवले. वरण छान झालंय म्हणाले. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "जुना आता बंद करून ठेवा हं. नुसता पडून राहिला की बॅटरी फुगते." तिसऱ्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता. पुढच्या पहिल्या रविवारीही दुखत होता.

गुडघ्याचा हा दुसरा निरोप आला त्या दुपारी हिने ताईंना फोन लावून सगळं कबूल केलं आणि रडली. ताई म्हणाल्या, "अगं, त्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं. सिम नव्हतं म्हणे फोनात, आणि सगळी फुलं शनिवारी सात ते आठमधली. घरी येऊन मला म्हणाले, 'साडूभाऊंनी नवा घेतलेला दिसतोय. सांगायला अवघडलेत बिचारे. मी जातो आपला, त्यांना बरं वाटतं.'"

चार महिने आम्ही त्यांचं मन राखत होतो आणि चार महिने ते आमचं. मला माझीच लाज वाटली. पुढच्या रविवारपर्यंत थांबायला मन तयार होईना. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी मी कोपरला गेलो. लाज वाटायची आणखी एक गोष्ट म्हणजे इमारत कोणती ते मला दोघांना विचारावं लागलं. इतकी वर्षं तेच आमच्याकडे येत होते.

दार दादांनीच उघडलं. अंगात बनियन, गळ्यात चष्मा. मला बघून त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला. "काय झालं? हँग झाला का? आणा बघू." हात पुढे आलासुद्धा.

खोटं बोलणं आता मला चांगलं जमत होतं. हो म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, "नाही दादा. काही बिघडलं नाही. असाच आलो. तुमच्याकडे."

पुढे आलेला हात त्यांनी बनियनला पुसला. काही न बिघडलेला माणूस दारात आला तर त्याचं काय करायचं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग बाजूला सरकून म्हणाले, "या की. बसा." आम्ही गॅलरीत दोन खुर्च्यांवर बसलो. ताईंनी पोहे दिले. ते खाऊन झाले, बशा खाली ठेवल्या, आणि दोघांनाही हातांचं काय करावं सुचेना. मग दादा रस्त्याकडे बघत म्हणाले, "कारखाना बंद झाला ना साडूभाऊ, तरी मी महिनाभर रोज डबा घेऊन निघायचो. फाटकापर्यंत जायचो. हिला सांगितलं नव्हतं." आतून ताईंचा आवाज आला, "मला ठाऊक होतं. म्हणून तर डबा देत होते." दादांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मग फाटकावरच्या माणसांबद्दल बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. बारा वाजून गेले.

जिन्यापर्यंत ते सोडायला आले. मी दोन पायऱ्या उतरलो असेन, तेवढ्यात वरून म्हणाले, "साडूभाऊ, रविवारी... म्हणजे तुम्हाला दुसरं काही नसेल तर..."

"काही नाही," मी म्हटलं. "येतो."