थेंबमावशी

माल विकण्यापेक्षा गिऱ्हाईक परत पाठवण्यातच थेंबमावशीला जास्त आनंद व्हायचा. जवळच्या कैनाड गावाहून येऊन ती डहाणूच्या बाजारात गवती चहाचं आणि निलगिरीचं तेल विकायची. कोणी बाटली उचलली की तिची चौकशी सुरू, "घरात रांगतं पोर आहे? मांजर? कोणी पोटुशी?" उत्तर पटलं नाही की बाटली परत फडक्याखाली. मी शेजारी गजरे विकायचे. हसून हसून माझी फुलं सांडायची.

एक ताई म्हणाल्या, "झाडाचंच तर आहे, त्याने काय होतंय?"

"धोतराही झाडाचाच की. खाणार?" मग मावशीने चमचाभर खोबरेलात एकच थेंब टाकून दाखवला. "अंगाला एवढं पुरे. नुसतंच चोळाल तर कातडी सोलेल. आणि तोंडात थेंबही नाही." ताई बाटली न घेताच गेल्या. मावशी दिवसभर खूश!

माझ्या आईला सर्दीसाठी निलगिरी हवी होती. "घरात लहान कोणी नाही," असं मी मावशीला चक्क खोटं सांगितलं आणि बाटली नेली. भावाची चिमी तेव्हा दोन वर्षांची.

आठवड्याने मावशी चहा प्यायला घरी आली, तर चिमी जमिनीवर बसून खोकतेय, हातात उघडी बाटली, तोंडाला निलगिरीचा वास. आई मिठाचं पाणी घेऊन धावली.

"ओकवू नका! तेल छातीत उतरेल!" मावशी ओरडली. एका काखेत चिमी, दुसऱ्या हातात बाटली घेऊन ती अनवाणीच रस्त्यावर. मी मागे.

रिक्षात चिमीचे डोळे मिटायला लागले. तिला जागं ठेवायला मावशीने भसाड्या आवाजात गरबा सुरू केला. रिक्षावाल्याने हॉर्नवर ठेका धरला. मी रडत होते आणि टाळ्याही वाजवत होते. बाजारातली माणसं वरात समजून बाजूला झाली!

"बाटली आणलीत, फार बरं झालं," डॉक्टर म्हणाले. चिमीला त्यांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली आणि चिकू मागायला लागली. मी मावशीच्या गळ्यात पडून सगळं कबूल केलं.

"खोटं तू बोललीस, पण बाटली मीच दिली ना," ती म्हणाली. "लाज दोघींनी निम्मी निम्मी वाटून घेऊ."

पुढे डॉक्टरांनी तिला लसीकरणाच्या दिवशी आयांशी बोलायला बोलावलं. शाळेची पायरी न चढलेली मावशी पदर चावत उभी राहिली. पहिली बाई हसली मात्र, मावशी तासभर थांबेचना. तेल कुलपात ठेवा, बाळाच्या नाकाला लावू नका, कोणी प्यायलंच तर तडक दवाखाना. मधेमधे नकला. रडणारी पोरंसुद्धा गप्प!

गेल्या वर्षी लेक तिला वापीला घेऊन गेली. गाडीत बसताना मावशी म्हणाली, "बाय, पुढच्या वेळी तू बोल."

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी आयांसमोर उभी राहिले. दाखवायला कडेवर चिमी नव्हती, ती आता शाळेत जाते. म्हणून तिची गोष्टच सांगितली, माझ्या खोट्यासकट. हॉर्नच्या ठेक्यापाशी आले आणि सगळ्या बाया खो खो हसत सुटल्या. मग मलाही बोलणं थांबवेना.