बाटलीवरच्या दोन रेघा

कुठलीही तापलेली गाडी समोर आली की अण्णा आधी हात उलटा करायचे. तळवा नव्हे, हाताची मागची बाजू. ती रेडिएटरवर टेकवायची, डोळे मिटायचे आणि कानडीत मोजायचं. ओंदु, एरडु, मूरु... हत्तु, म्हणजे दहापर्यंत हात टिकला तर टोपण उघडायचं, नाहीतर उकळतं पाणी तोंडावर उडतं. मध्येच उचलावा लागला तर चहा सांगायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. दिवसभर आमच्याशी मराठीत बोलणारा हा माणूस मोजायचा मात्र कानडीतच. गिऱ्हाईक घाईत असलं तर जास्तच सावकाश. एकदा एक जण म्हणाला, "अण्णा, मला टेंभुर्णीला पोचायचंय हो." अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "पोचाल की. पण तोंड संगं न्यायचंय का न्हाय?"

सोलापुरात त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मी तिथं लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. माढ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला, आणि ज्या टॉवेलच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली तो बंद पडलेला. नवीन काम शिकायला हे वय मोठं, म्हणून बाकीच्या दुकानदारांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. अण्णांनी फक्त जेवलास का विचारलं. शाळा का सोडली, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. त्याबद्दल मी अजून त्यांचे मनातल्या मनात आभार मानतो.

माझा स्वभाव भित्रा. पाइपची क्लिप एकदा आवळली की पुन्हा आवळायची, मग गिऱ्हाईक गाडीत बसल्यावर तिसऱ्यांदा. अण्णा म्हणायचे, "तम्मा, क्लिप हाय ती, कुनाचा गळा न्हाय. सोड आता." तम्मा म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटा भाऊ. वयानं मी त्यांच्या मुलासारखा, पण त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि भाऊ म्हणणंच त्यांना बरं वाटत असावं.

दुकानाच्या मागच्या पत्र्याखाली त्यांची स्वतःची गाडी उभी असायची. पिस्ता रंगाची, दोन दारांची, माझ्याहून वयानं मोठी. भंगारात चाललेली आणून त्यांनी तिला तुकड्यातुकड्यानं उभी केली होती. काकू, म्हणजे अण्णांची बायको, तिला 'सवत' म्हणायच्या. डबा घेऊन आल्या की आधी विचारायच्या, "सवत कशी हाय? आज न्हाली का?"

काकूंचं माहेर मैंदर्गी. तिथं त्यांची थोरली बहीण होती, तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. काकूंचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नव्हती. चार वर्षांत दोघींची भेट नव्हती. अण्णांनी काकूंना शब्द दिला होता, माहेरी आपल्याच गाडीनं न्यायचं, दारात उतरवायचं. भाड्याची गाडी करा असं कुणी सुचवलं की काकूच म्हणायच्या, "एवडी वर्सं सवतीला पोसलंय, आता तिनंच न्यावं." फक्त ती गाडी वाटेवरच्या वळसंगपर्यंत जायची आणि उकळायची. तिची घडणच तशी जुनी. तापलेलं पाणी बारक्या पाइपातून सरळ रस्त्यावर सांडायचं, धरून ठेवायला काही नव्हतं. म्हणून तिला पाण्याची बाटली बसवायची ठरली, नव्या गाड्यांना असते तशी.

ते काम अण्णांनी मला दिलं. दुकानात लागून वर्ष झालं होतं आणि हे माझ्या एकट्याचं पहिलं काम. एका मोडीतल्या गाडीची पांढरी बाटली काढली, धुतली, रेडिएटरच्या शेजारी पट्टीनं आवळली. पाइपचं टोक बाटलीच्या तळापर्यंत गेलं पाहिजे, हे अण्णांनी दोनदा बजावलं. म्हणाले, "पानी तापलं की भाईर येनारच, त्याला नावं ठेवायची न्हाईत. गार झाल्यावर त्याला माघारी यायला वाट पायजे, तेवडं आपन बघायचं." मग त्यांनी खिळ्यानं बाटलीवर दोन रेघा ओढल्या. खालची गार पाण्याची, वरची गरम पाण्याची. जाता जाता विचारलं, "रेडिएटरचं टोपण बघितलंस का?" मी म्हटलं, "बघितलं." मी बघितलं होतं ते घट्ट बसतंय का, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. काकूंच्या मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा, अंगावर बहिणीनं दिलेलं जुनं इरकल. वळसंगला चहाला थांबलो. मी बॉनेट उघडून बघितलं, बाटली वरच्या रेघेपर्यंत भरलेली. अर्ध्या तासानं पुन्हा बघितलं, तेवढीच भरलेली. निघताना तिसऱ्यांदा बघितलं. पाणी भरपूर आहे म्हणून मी खूश. खरं तर तोवर ते खालच्या रेघेला उतरायला हवं होतं.

पुढं थोड्याच अंतरावर बॉनेटखालून वाफ निघाली. काकू एका कडुनिंबाखाली दगडावर बसल्या. अण्णांनी हात उलटा करून मोजलं, तीनदा मध्येच उचलावा लागला. शेवटी टोपण उघडलं तर रेडिएटर अर्धा कोरडा. त्यांनी टोपणाच्या आतून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं न बघता ते खिशात टाकलं. जुन्या टोपणाला वरचं रबर नव्हतं. गाडी गार होताना तिथून हवा ओढली जात होती आणि पाणी बाटलीतच बसून राहत होतं.

काकूंनी विचारलं, "काय झालं?"

"टोपण मीच बघायला पायजे हुतं," अण्णा म्हणाले. "यानं त्याचं काम बरोबर केलंय."

काकू हसल्या. "सवतीनं कदी सवतीला माहेरी न्हेलंय व्हय?" पण हसता हसता त्यांनी रस्त्याच्या पुढच्या बाजूला बघितलं, मैंदर्गीकडं, ते मी पाहिलं. टेम्पोला दोर बांधून आम्ही गाडी परत आणली.

 

त्या गाडीच्या मापाचं दोन रबरांचं टोपण सोलापुरात कुठंच मिळेना. मी सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवून दाखवलं. अण्णा म्हणाले, "गावात फिरायला चालंल. पण तुज्या काकूला घेऊन पुन्यांदा रस्त्यात उबं ऱ्हायचं न्हाय."

त्याच वर्षी ओळखीच्या एका माणसाकडून त्यांनी माझं ओमानचं काम जुळवलं. मी कागद पुन्हा पुन्हा तपासत होतो. ते म्हणाले, "तितं लई तापतं म्हनं. म्हंजे रेडिएटरवाल्याला काम बी लई." तिथं गेल्यावर तिसऱ्या महिन्यात, जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात, अगदी तेच टोपण सापडलं. दोन रबरांचं. दुकानातच मी अण्णांना फोन लावला. आमच्या खोलीतला एक जण आठवड्यानं हैदराबादला जाणार होता, तिथून पाठवता आलं असतं. पण मी म्हटलं, "सुट्टीवर येताना मीच आणतो, अण्णा. तुमच्यासमोर बसवतो." मला त्यांना दाखवायचं होतं, की आता मी टोपण बघतो.

ते म्हणाले, "ये की. घाई न्हाय."

सुट्टी पुढं गेली, मग आणखी पुढं. दर फोनला ते सांगायचे, "रोज चालू करून ठिवतो. उबी हाय बिचारी." टोपण मी कधी पाठवतोय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला फोन आला, तो काकूंचा होता. अण्णा दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले होते.

मी पोचलो तेव्हा अण्णांना जाऊन तिसरा आठवडा चालू होता. काकूंच्या कपाळावर नुसती विभूती. त्या काही बोलण्याआधी मी टोपण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि मला परत दिलं. "बसव," म्हणाल्या.

आम्ही दोघं निघालो. वळसंगला मी बाटलीकडं नव्हे, आधी टोपणाकडं बघितलं. गाडी कुठं उकळली नाही. मैंदर्गीत दारासमोर थांबलो, आतून थोरल्या बहिणीनं हाक मारली, तिचा आवाज ऐकून मी दार उघडून धरलं. काकू उतरल्या, पण आत गेल्या नाहीत. "आदी बघ," म्हणाल्या.

बॉनेट उघडलं. पाणी वरच्या रेघेला होतं. मी हात उलटा करून टेकवला. ओंदु, एरडु. हात उचलावा लागला. काकू ओट्यावर बसून राहिल्या, बहीण आतून हाका मारत होती, "ये गं, ये गं." थोड्या वेळानं मी पुन्हा मोजायला लागलो, आणि या वेळी माझ्याबरोबर काकूही मोजत होत्या. हत्तु झालं. हात तिथंच होता. मी बाटलीकडं बघितलं, काकूही उठून माझ्याजवळ आल्या.

पाणी अण्णांच्या खालच्या रेघेवर येऊन थांबलं होतं.

काकूंनी पदरानं बाटलीवरची धूळ पुसली आणि मग आत गेल्या.