हळूभाऊंनी इंजिन उघडलं

बसचे प्रवासी ड्रायव्हरला काय काय नावं ठेवतात, ते त्याच्या कानावर आल्याशिवाय राहत नाही. ह्या एका ड्रायव्हरच्या वाट्याला 'हळूभाऊ' आलं. बस कितीही रिकामी असो, रस्ता कितीही मोकळा असो, ह्यांचा पाय दाबून म्हणून पडायचा नाही. घाईतले लोक चरफडायचे, म्हातारी माणसं मात्र ह्यांचीच बस येईपर्यंत थांबायची. सगळी नोकरी सरली, पण ह्यांच्या चाकाखाली कुत्रंसुद्धा आलं नाही. निवृत्तीच्या दिवशी डेपो मॅनेजरने भाषणात तेच नाव घेतलं, सगळे हसले, आणि हळूभाऊही हसले.

अशा माणसाच्या दारात स्पोर्ट्‌स कार येऊन उभी राहावी, हा योगच म्हणायचा.

गाडी त्यांच्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. दोनच माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची, आणि बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी बुटकी. दाजींनी तरुणपणी हौसेने घेतली, थोडी वर्षं चालवली, मग एक दिवस इंजिन जाम झालं आणि ती शेडमध्ये गेली ती गेलीच. दाजी दर रविवारी ताडपत्री काढायचे, तिला पुसायचे, पुन्हा ताडपत्री घालायचे. ते वारल्यावर ताईने बरेच दिवस तिकडे पाहिलंच नाही. मग एकदा भावाला म्हणाली, "तू नेतोस का? भंगारवाला टपून बसलाय."

"मी काय करू तिचं?"

"जन्मभर गाड्याच चालवल्यास ना?"

ताईचा समज असा, की ज्याला चालवता येतं त्याला दुरुस्तही करता येतं. खरं तर चाक बदलण्यापलीकडे हळूभाऊंना काही येत नव्हतं. बस बिघडली की वर्कशॉपला कळवायचं आणि बाजूला उभं राहून चहा प्यायचा, एवढाच त्यांचा दुरुस्तीशी संबंध. पण जुन्या बसचं इंजिन केबिनमध्येच, त्यांच्या गुडघ्याशी, पत्र्याच्या झाकणाखाली धडधडत असे. उन्हाळ्यात ते पाय भाजून काढी, थंडीत ऊब देई. त्या झाकणावर त्यांनी जेवणाचे डबे गरम केले होते. झाकणाखाली काय चालतं, ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. ताईला 'नाही' म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही, ती बहुधा त्यामुळेच.

गाडी दोरीने ओढत आणली तेव्हा गल्ली बघायला जमली. समोरचा चष्मेवाला म्हणाला, "काय हळूभाऊ, आता उडणार वाटतं!" हळूभाऊंची बायको दारात आली. ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती, तीही नुकतीच निवृत्त झालेली, पण गल्लीला अजून सिस्टरच. तिने गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "पेशंट जिवंत आहे का?"

"बघू या," हळूभाऊ म्हणाले.

घराला लागून पत्र्याची एक खोली होती, त्यात गाडी बसवली. जुन्या बाजारातून त्या जातीच्या गाडीचं दुरुस्तीचं एक फाटकं पुस्तक मिळालं, डेपोतल्या मित्राने नट सोडवायचे पाने दिले. इंजिनात वरून तेल ओतून ते मुरू देण्यात बरेच दिवस गेले. मग एका दुपारी हळूभाऊंनी वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते सोडवलं आणि दोन्ही हातांनी उचललं.

ते तसंच हातात धरून ते उभे राहिले.

खाली चार गोल विहिरी होत्या, आणि प्रत्येक विहिरीत काजळी धरलेला एकेक पिस्टन, कुणी वर तर कुणी खाली, जिथे थांबले होते तिथेच. एका विहिरीच्या कडेला गंज होता. पण दुसरीची भिंत त्यांनी कापडाने पुसली आणि त्यांना स्वतःचं बोट त्यात दिसलं. इथे आग लागायची. मिनिटाला हजारो वेळा लागायची आणि विझायची, आणि बाहेर बसलेल्या माणसाला फक्त गुणगुण ऐकू यायची. आणि असल्या आगीवर ते जन्मभर डबे गरम करत बसले होते!

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली. आवाज असा काही होता, की सिस्टर हातातलं टाकून धावत आली. तिला वाटलं बोट चेंगरलं. मग तीही वाकून बघत राहिली.

"किती स्वच्छ केलंय हो आतून," ती म्हणाली.

"केलंय कुणी? आपोआप झालंय."

"तसं नाही. ज्याने बनवलं त्याने."

त्या दिवसापासून हळूभाऊ त्या खोलीचेच झाले. आणि त्या दिवसापासून त्यांच्या चुकाही सुरू झाल्या.

पहिली चूक फाजील विश्वासाची. एकेक भाग सोडवायचा आणि टेबलावर ठेवायचा, कुठला कुठे ते लक्षात राहीलच, असा त्यांचा हिशोब. पिस्टन ज्या दांड्यांवर बसतात त्या खाली क्रँक नावाच्या वळणावळणाच्या जाड दांडीला अर्धगोल टोप्यांनी आवळलेल्या असतात. चारही टोप्या दिसायला सारख्या. हळूभाऊंनी त्या रॉकेलच्या एकाच डब्यात टाकून छान चकचकीत धुतल्या, आणि बाहेर काढल्या तेव्हा कुठली कुणाची ते देवालाच माहीत.

"सारख्याच तर आहेत," असं म्हणत ते सगळा संच घेऊन लेथवाल्याकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत त्याचं लोखंड कातायचं दुकान. लेथच्या आवाजाने त्याचे कान गेलेले, त्यामुळे तो साधं बोलला तरी भांडल्यासारखं वाटे.

"सारख्या कुठे?" तो ओरडला. "दांडी आणि टोपी एकत्र आवळून मग भोक पाडतात. एकीची टोपी दुसरीला चालत नाही. नवरा-बायको आहेत ते!"

हळूभाऊंनी चारही टोप्या त्याच्यापुढे मांडल्या. "मग आता?"

लेथवाल्याने एक टोपी उचलली, कड वाळूच्या कागदाने हलकेच घासली आणि उजेडात धरली. काळपट थराखालून एक बारीकसा ठोकलेला आकडा वर आला. दांडीच्या कडेलाही तोच. थोडा वाकडा होता, कारण कुणीतरी हातात हातोडी घेऊन ठोकला होता. हळूभाऊ तो आकडा बघत राहिले. ते स्वतः शाळेत असतील तेव्हा कुठल्या तरी कारखान्यात कुणी एक माणूस वाकला असेल, आणि पुढे कधी तरी कुणी तरी गोंधळ घालणार हे धरून त्याने ही खूण करून ठेवली असेल. त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी सिस्टरकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि दिसेल त्या भागाला चिठ्ठी लावायचा सपाटा लावला. एकदा साखरेच्या डब्यावरही 'डावीकडचा, वरचा' अशी चिठ्ठी सापडली.

दुसरी चूक जोराची. पिस्टनवर बसवायच्या नव्या रिंगा आल्या. हळूभाऊंनी एक रिंग बोटांनी फाकवली, आणखी जरा फाकवली, आणि कट्‌दिशी तिचे दोन तुकडे झाले. ते तुकड्यांकडे बघतच राहिले. लोखंड, आणि काचेसारखं तुटलं!

"बिडाचं आहे का?" सिस्टरने विचारलं. "बिडाचा तवा पडला की तुटतोच की."

एवढी साधी गोष्ट, पण ती तव्यावरून ओळखायची होती, आणि तवा ह्यांनी कधी हातात धरला नव्हता. दुसरी रिंग चढवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. आगीत उभं राहणारी वस्तू बोटांच्या चिमटीत एवढी नाजूक असते, हे त्यानंतर ते भेटेल त्याला सांगत सुटले. चष्मेवाल्याला तर तुटलेले तुकडे नेऊन दाखवले.

तिसरी चूक मात्र घाईची, आणि ती फार महागात पडली. जन्मभर ज्याने कधी घाई केली नाही त्याने ती नेमकी इथे करावी!

झालं असं, की इंजिन जोडत आलं होतं आणि ताईचा फोन आला. रविवारी येते, तेव्हा सुरू करून दाखव. हळूभाऊ 'हो' म्हणून बसले. मग गल्लीला कळलं, डेपोतल्या मित्रांना कळलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला साखळी फिरते, तिथली, खाली तेलाच्या भांड्यापर्यंत जाणारी पोकळी उघडी होती. नट आत पडू नये म्हणून त्यात त्यांनी एक फडकं कोंबलं होतं. शनिवारी घाईघाईत पुढचं झाकण बसवलं तेव्हा फडकं दिसलं नाही. त्यांना वाटलं, आपणच काढलं असणार.

रविवारी माणसं जमली. हळूभाऊ चालकाच्या जागी बसले, चावी फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, आणि असं काही गरजलं की पत्रे थरथरले. टाळ्या पडल्या. ताईने तोंडावर हात घेतला. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला, आणि मग हळूहळू खाली यायला लागला. हळूभाऊंनी ते पाहिलं. 'काटा जुना आहे,' असं स्वतःला समजावलं आणि टाळ्या ऐकत राहिले. मग आतून ठक्‌ठक्‌ सुरू झालं. त्यांनी चावी बंद करेपर्यंत ते ठक्‌ठक्‌ दारावर कुणी मुठी माराव्यात इतकं मोठं झालं होतं.

माणसं एकेक करून गेली. तळाचं तेलाचं भांडं सोडवलं, तेव्हा तेल ओढणाऱ्या जाळीला फडकं घट्ट चिकटलेलं दिसलं. तेल वर जायचं थांबलं होतं. क्रँक ज्यांत फिरतो त्या बेअरिंगची मऊ पुटं खरवडून निघाली होती, आणि आरशासारख्या क्रँकवर ओरखडे पडले होते. हळूभाऊंनी ते फडकं पिळलं, वाळत टाकलं, आणि खोलीला कडी घातली.

ती कडी बरेच दिवस निघाली नाही. ते पेपर वाचत बसत. विचारलं तर म्हणत, "आपलं काम नव्हे ते."

शेवटी ताईच आली. सरळ म्हणाली, "तोंड पाडून का बसलायस?"

"दाजींनी एवढी जपलेली गाडी मी मोडली, ताई."

"जपली कसली! घाबरत होते. आत काय निघेल, जमेल की नाही, म्हणून कधी उघडलंच नाही. नुसतं पुसत राहिले. तू निदान मोडलीस तरी! आवाज तरी ऐकवलास मला. लग्नानंतर ऐकला होता, तो आत्ता ऐकला." आणि मग तिचे डोळे भरून आले.

ताई गेल्यावर सिस्टर म्हणाली, "बसच्या मागे काय लिहिलं होतं हो तुमच्या?"

"अति घाई, संकटात नेई," हळूभाऊ पुटपुटले. "मीठ चोळ अजून."

"चोळत नाही. आमच्याकडे पोट शिवायच्या आधी कापसाचा बोळा न्‌ बोळा मोजायचे. मोठ्यातले मोठे डॉक्टर असोत, माणूस दमलेला असो, मोजदाद जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही. आम्ही हुशार होतो म्हणून नव्हे. माणूस विसरतो, हे धरूनच चालायचं."

हळूभाऊंनी पेपर खाली ठेवला. "तू मोजशील?"

"ट्रे आणा."

इंजिन पुन्हा पार उघडलं. लेथवाल्याने क्रँक घासून सारखा केला, किंचित बारीक झाला म्हणून तेवढ्याच जाडीची नवी बेअरिंग दिली, आणि या वेळी ओरडला नाही. खोलीच्या दाराशी स्टुलावर सिस्टर ट्रे घेऊन बसू लागली. फडकं आत जाताना मोजायचं, बाहेर येताना मोजायचं. हळूभाऊ प्रत्येक भाग हातात घेऊन आधी नुसता बघत, मग बसवत. कुणी 'कधी होणार' विचारलं तर 'होईल तेव्हा' म्हणत. ताईलाही तारीख दिली नाही.

क्रँक बसवून तो जागेवर धरणाऱ्या टोप्या ठरल्या जोराने आवळल्या त्या सकाळी त्यांनी त्याच्या टोकाला दोन बोटं लावली आणि ढकललं. ते धूड फिरलं. उचलताना हात भरून येणारं ते लोखंड तेलाच्या पातळशा पापुद्र्यावर, आवाज न करता, पाण्यावर पान फिरावं तसं फिरलं, आणि बोटं काढल्यावरही जरासं फिरत राहिलं.

"तू लाव हात," ते म्हणाले. सिस्टरने ट्रे खाली ठेवला. तिने असंख्य बाळं हातात घेतली होती, पण तिनेही हात अंगाला पुसून मगच बोट लावलं.

"अगोबाई," ती हळूच म्हणाली.

सुरू करायच्या दिवशी कुणालाच बोलावलं नव्हतं, फक्त ताईला ऐन वेळी फोन केला. या वेळी हळूभाऊंनी आधी ठिणगीचे प्लग काढून इंजिन नुसतंच फिरवलं, तेल वर चढेपर्यंत. काटा उठला आणि उठलेलाच राहिला. मग प्लग बसवले, चावी फिरवली. दोन खोकले, आणि मग एक खोल, भरीव, एकसारखा सूर. हळूभाऊ काट्याकडे बघत होते. काटा हलत नव्हता. त्यांनी हात बॉनेटवर ठेवला आणि तळव्यातून ती हजारो आगींची थरथर कोपरापर्यंत येऊ दिली.

गाडीत दोनच जागा. सिस्टरने ताईला पुढे ढकललं, "आधी तुम्ही. मी नंतर जाणारच आहे."

हळूभाऊंनी गाडी गावाबाहेरच्या टेकडीवर नेली, आपल्या नेहमीच्या चालीने. एक सायकलवाला बराच वेळ बरोबरीने चालला आणि कौतुकाने बघत राहिला. ताईचा पदर वाऱ्याने फडफडत होता. वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. शांततेत बॉनेटखालून टिक्‌, टिक्‌ असा बारीक आवाज यायला लागला.

ताई दचकली. "बिघडलं का रे?"

"नाही, ताई. तापलेलं लोखंड निवतंय." त्यांनी तो आवाज जन्मभर रोज ऐकला होता, बस उभी केली की. इतक्या वर्षांत त्याकडे कान दिला नव्हता, एवढंच. "ऐक जरा," ते म्हणाले, आणि तो आवाज पार थांबेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.