काकांचं विनम्र इंग्रजी

अख्ख्या भिवंडीत इंग्रजी फक्त आपल्यालाच येतं आणि खुद्द इंग्लंडात ते बिघडत चाललंय, यावर आमच्या शेजारच्या काकांचा ठाम विश्वास होता. कोर्टात तीस वर्षं अर्ज टाइप करून ते निवृत्त झाले होते. इंग्रजी लग्नपत्रिका आली की ते चुका दुरुस्त करून वधूपित्याला परत देत, आणि तरी जेवायला जात. गल्लीतल्या लूमच्या खडखडाटात त्यांना हाक ऐकू येत नसे, पण चुकीचा उच्चार तीन घरांपलीकडून ऐकू येई.

नव्वदच्या सुमारास मी कापडाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेलो. पहिलाच निबंध प्राध्यापकांनी ‘भाषा समजत नाही’ म्हणून परत केला. तिथे कुणाला विचारायची लाज वाटली, म्हणून मी प्रबंधाची प्रकरणं पोस्टाने काकांकडे पाठवू लागलो. तीन-तीन आठवड्यांनी मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत दुरुस्त्या येत. माझा साधा ‘धागा तुटतो’ त्यांच्याकडून ‘सदर धागा तुटतो, हे नम्रपणे निवेदन करण्याची परवानगी असावी’ होऊन येई. प्रत्येक प्रकरणाखाली ‘आपला आज्ञाधारक’. मी आंधळ्या विश्वासाने सगळं तसंच उतरवलं.

“हा प्रबंध आहे की दयेचा अर्ज?” प्राध्यापकांनी विचारलं आणि मला नापास केलं. पुन्हा लिहायची एकच संधी मिळाली. त्या संतापात मी काकांना पत्र टाकलं: ‘तुमच्या इंग्रजीने माझं वर्ष मातीत घातलं.’ मग लाज गिळून विद्यापीठातल्या एका शिक्षिकेसमोर बसलो, वाक्य न् वाक्य नव्याने शिकलो आणि कसाबसा पास झालो. काकांचं उत्तर मात्र आलं नाही.

परतल्यावर भीतभीतच त्यांच्याकडे गेलो. काका ओट्यावर बसले होते. मी बोलेपर्यंत त्यांनी मला ओळखलंच नाही. काकूंनी मला आत नेलं.

“त्यांना दोन वर्षं झाली, दिसत नाही रे. तुझे कागद मीच वाचायचे. मला इंग्रजी कुठलं येतंय! एबीसीडी तेवढी येते. एकेक अक्षर मी सांगायचे, ते जुळवायचे. मग ते सांगतील ती अक्षरं मी काढायचे.”

मी विचारलं, “आणि माझं शेवटचं पत्र?”

“ते मराठीत होतं,” काकू हळूच म्हणाल्या. “मी वाचलं. त्यांना सांगितलं, पोरगा पास झाला.”

बाहेरून काकांचा आवाज आला, “अरे, पुढचं काही लिहिलंस तर आण हो. संकोच करू नकोस.”